ऐंशी घोडे

टेन स्लीपच्या घाटाखाली, माझ्या गॅरेजच्या दारात
ऑर्विल हाउगेन कागद घेऊन उभा आहे.
डाकोटातल्या शाळेची बस एकतीस वर्षं चालवलेला माणूस,
आवाज न चढवता भांडणारा.

"इंजिन तेच," तो म्हणतो, "लोखंड तेच, आठ सिलिंडर तेच,
ओतलंही असेल एकाच भट्टीत, एकाच पाळीला.
मेव्हण्याच्या पिकअपमध्ये त्याचे घोडे चारशे तीस,
माझ्या मोटरहोममध्ये साडेतीनशे.
मधले ऐंशी कुणी पळवले?"

मी हात पुसते. फडकं आधीच काळं आहे.
बाहेर त्याचं घर उभं आहे, बत्तीस फूट लांब,
काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी,
फ्रिज, पलंग, अर्डिसचं ओतीव बुडाचं शिवणयंत्र,
आणि वायपरकडे टक लावून बसलेलं एक मांजर.
विंचवाचं बिऱ्हाड, पण दहा टनांचं.

कुणी पळवले नाहीत, मी सांगते.
तुमच्या मेव्हण्याची पिकअप सोमवारी रिकामी असते.
मंगळवारीही.
हौद्यात कुत्र्याच्या खाण्याची एक गोणी.
वर्षातून दोनदा बोट ओढते, तेव्हा फोटो निघतात.
चारशे तीस हे तिचं बोलणं,
राहणं शंभरातच.
तुमचं इंजिन किल्ली फिरली की घर ओढतं,
भिंत होऊन वाऱ्याला भिडतं,
सपाटीवरसुद्धा त्याचा घाट चालूच.
म्हणून कारखान्यातल्या कुणीतरी
आकडा लिहिताना हात आखडता घेतला.
तापू नये म्हणून. टिकावं म्हणून.
वॉरंटीचा भुर्दंड पडू नये म्हणूनही,
खोटं कशाला बोलू.

"म्हणजे आहे, पण देत नाहीत."

रोज द्यायचंय,
म्हणून एकदम देत नाहीत.

हे मी कुठे शिकले, ते त्याला सांगत नाही.
माझा भाऊ रॉइस नाताळात येतो,
वडिलांना खुर्चीतून एका झटक्यात उचलून
गाडीत बसवतो. सगळे म्हणतात, काय ताकद!
खरंच आहे ताकद.
मी त्यांना दिवसातून चारदा उचलते,
गुडघे वाकवून, श्वास धरून, हळू.
माझा आकडा कुणी काढलेला नाही.

ऑर्विल जवळ सरकतो, आवाज आणखी खाली.
बिलिंग्जला एक पोरगा आहे म्हणे,
लॅपटॉप जोडतो, अर्ध्या तासात चारशे तीस.
तुला जमेल?

जमेल. तसली वायर माझ्या खणातच आहे.
मी खण उघडत नाही.
पटत नसेल तर घोडामैदान जवळच आहे, मी म्हणते,
आणि वर, नऊ हजार फुटांवर, हवाच विरळ.
तिथे मेव्हण्याचेही घोडे पळतात.

हे ऐकून तो पहिल्यांदा हसतो.

अर्डिस खाली उतरली आहे, पाय मोकळे करत.
विचारते, गावाचं नाव असं का?
इथले पहिले लोक म्हणे अंतर झोपांत मोजायचे,
इथून तिथवर दहा रात्री.
ती बॉनेटवर तळहात ठेवते, लगेच उचलते,
"मग हे किती झोपांचं आहे?"

याचं उत्तर कुठल्याच कागदावर नाही.
मी म्हणते, तेल वेळेवर बदला.

ते निघतात. पहिल्या वळणावर तीन पिकअप
त्यांना मागे टाकतात, एक तर भोंगा वाजवत.
मोटरहोम दुसऱ्या गिअरमध्ये, तक्रार करत, चढत राहतं.
आवाज बराच वेळ येतो,
मग चुनखडीचा कडा मध्ये येतो.

कागद तो विसरून गेलाय.
ऐंशीभोवती पेनाचा गोल, दोनदा गिरवलेला.
घरातून वडिलांची घंटा वाजते.
समोर उभ्या पिकअपची तेलाची काडी
मी त्या कागदावर पुसते,
आणि जाते.